सकपाळ बाई आणि सहा मिनिटांचा अंधार

सकपाळ बाईंनी माणसावर हात उचललेला मी दोनदा पाहिला, आणि बाईंना माणसांनी मारलेलं एकदा. तिन्ही वेळा मी जवळ होते आणि तिन्ही वेळा मी काही केलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

दापोलीपासून तासाभरावरच्या एका गावात आमची शाळा. मी मराठी शिकवायचे, बाई विज्ञान. एका चिरेबंदी घराचे दोन भाग करून मालकानं भाड्यानं दिले होते. एकात मी आणि माझी म्हातारी आई, दुसऱ्यात बाई एकट्या. दोन्ही अंगणांच्या मध्ये कमरेएवढा दगडी गडगा होता. त्याच्यावर हात टेकून आम्ही पंधरा वर्षं संध्याकाळी बोललो.

बाई उंच, सुकलेल्या, काळ्यासावळ्या. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी, त्यामुळे खडू अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट यांत धरायच्या. चहा बिनदुधाचा. चुलीवर भाजलेला सुका बोंबील असला की दुसरं काही लागायचं नाही. वर्गात, बाजारात, ग्रामसभेत त्यांचा एकच प्रश्न असायचा, "बघितलंस की ऐकलंस?" मुलं या प्रश्नाला घाबरत नसत, मोठी माणसं घाबरत.

पहिल्यांदा मी त्यांचा हात पाहिला तो माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये. ड्रायव्हरनं पुढच्या सीटवर बसलेल्या नववीतल्या मुलीच्या मांडीवर हात ठेवला होता. बाईंनी जीप थांबवायला लावली, मागून उतरून पुढे गेल्या आणि त्याला दार उघडायला सांगितलं. त्यानं हसत उघडलं. त्यांनी अशी कानाखाली वाजवली की त्याच्या कानातून रक्त आलं. मग मुलीला मागे पाठवून स्वतः त्याच्या शेजारी बसल्या आणि आता सावकाश चालव म्हणाल्या. दुसऱ्यांदा शाळेच्या फाटकात. एक बाप मुलाला पट्ट्यानं झोडपत होता. बाईंनी पट्टा हिसकावला, दोन फटके त्या बापाला दिले, पट्ट्याची गुंडाळी केली आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून जमा करून घ्या म्हणाल्या. मुख्याध्यापकांनी त्यांच्याकडे लेखी माफीनामा मागितला तेव्हा त्यांनी लिहून दिलं की हात उचलला हे खरं आहे, पण पुन्हा उचलणार नाही असं लिहून देता येत नाही.

मुलांना मात्र त्यांनी कधी टिचकीही मारली नाही.

अशा या बाईंना वेड एकच. खग्रास सूर्यग्रहण बघायचं. पूर्ण झाकलेला सूर्य, भर दिवसा पडलेला काळोख, भोवती पांढरी झळाळी. पुस्तकातलं चित्र त्या दर वर्षी फळ्यावर काढायच्या आणि वर्षानुवर्षं तेच सांगायच्या, की हे मी बघितलेलं नाही, ऐकलंय. त्यांच्या आयुष्यात ग्रहण आलं की मारामारी आली. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. तसंच घडत गेलं.

ऐंशी सालचं ग्रहण झालं तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. दाभोळच्या खाडीवर त्यांचं गाव. त्यांची आजी तरुणपणी ग्रहण सुटलं की टोपली घेऊन गावभर ओरडत फिरायची, "दे दान, सुटे गिराण." त्या वाडीवर ते कामच होतं, जन्मानं लागलेलं. छप्पन सालानंतर वाडी बौद्ध झाली आणि बाईंच्या वडिलांनी टोपली चुलीत घातली. त्यानंतरचं मोठं ग्रहण हेच. दुपारी उजेड तांब्यासारखा झाला, कोंबड्या खुराड्यात शिरल्या, आणि ग्रहण सुटलं तरी वाडीतून दान मागायला कुणी गेलं नाही. गावातले काही लोक विचारायला आले. मागणारा मागेना तर आमचं गिराण सुटणार कसं, असं त्यांचं म्हणणं. वडील मुंबईला गिरणीत. आजी दारात उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "मी मागून मागून दमलंय. आता तुमी मागा."

पहिला दगड कौलावर पडला, दुसरा आजीच्या कपाळावर. बाई सांगायच्या की आजी पडली नाही, खाली बसली, आणि रक्त डोळ्यात जाऊ नये म्हणून पदर धरून तिनं नातीला आत ओढलं. नात आत गेली नाही. तिनं तोच दगड उचलून फेकला आणि एकाचे दोन दात पाडले. "माझा नेम चांगला आहे हे मला त्या दिवशी कळलं," बाई म्हणायच्या. आणि मग, "आणि बरं वाटलं, हेही कळलं."

या दुसऱ्या वाक्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी लागला.

लग्न झालं ते पोफळीच्या वीजघरात नोकरीला असलेल्या माणसाशी. शिकलेला, शांत बोलणारा, आणि घरात मारणारा. बाई तेव्हा चिपळूणकडच्या शाळेत होत्या. २००९च्या जुलैमध्ये खग्रास ग्रहण सुरतेवरून जाणार होतं. बाईंनी त्याला न विचारता रेल्वेचं तिकीट काढलं आणि डाळीच्या डब्यात ठेवलं. त्याला ते सापडलं. तो ओरडला नाही. त्यानं त्यांचा उजवा हात धरून दाराच्या चौकटीवर ठेवला आणि दार लावलं. दोन बोटं तिथेच मोडली. तो वळून डबा जागेवर ठेवत होता, तेवढ्यात बाईंनी डाव्या हातानं वरवंटा उचलला. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. तो खाली पडल्यावरही त्या मारत होत्या. शेजारच्यांनी ओढून बाजूला केलं नसतं तर काय झालं असतं, हे त्या सांगत नसत.

एक पिशवी घेऊन त्या वसाहतीतून बाहेर पडल्या त्या परत गेल्या नाहीत. पुढे फारकत झाली आणि त्या आमच्या शाळेत आल्या. सुरतेला त्या सकाळी ढग होते, अंधार तेवढा पडला, असं त्यांनी पेपरात वाचलं. म्हणाल्या, बोटं मोडून घेऊन गेले असते तरी ढगच बघितले असते.

आता तिसरं ग्रहण, ज्याच्यात मी आहे.

२०१९च्या डिसेंबरातलं ते. आमच्याकडे खग्रास नव्हतं, पण सकाळच्या स्वच्छ आभाळात सूर्याची कोर तेवढी उरणार होती. बाईंनी पोरांसाठी काळे चष्मे मागवले, घरोघरच्या चाळण्या गोळा केल्या. शाळेच्या पटांगणात फणसाखाली उन्हाचे कवडसे चंद्रकोरीसारखे पडले आणि पोरं त्या कोरी तळहातावर झेलत नाचायला लागली. तेवढ्यात सीमा आली. बाईंचीच जुनी विद्यार्थिनी, गावातच दिलेली, पाचवा महिना चालू. नवरा महेश मुंबईला टेम्पो चालवायचा. सासू देवळात गेली म्हणून ती गुपचूप आली होती. बाई, मी बघू का, एवढंच तिनं विचारलं. बाईंनी स्वतःचा चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला. सीमानं वर बघितलं आणि किती तरी वेळ मान खाली केली नाही.

हे गावातल्या पाच-सहा जणींनी पाहिलं.

मग मार्चमध्ये सगळं बंद झालं. मुंबईची माणसं गावाला आली, महेशही आला. एप्रिलच्या शेवटी सीमाला मुलगी झाली. वरचा ओठ मधोमध नाकापर्यंत फाटलेला. गर्भारपणी ग्रहण बघितलं की असंच होतं, हे गावात लहान पोरालाही माहीत होतं, आणि आता ते डोळ्यांपुढे होतं. मुलीचं नाव तन्वी ठेवलं, पण लोक तिला गिराण म्हणू लागले. जूनच्या सुरुवातीला वादळ आलं. निम्म्या गावाची छपरं गेली, पन्नास-पन्नास वर्षांचे आंबे आणि माड आडवे झाले. वीज नाही, फोन नाही, रस्ता नाही, मुंबईचं काम गेलेलं. लोकांना कुणावर तरी चिडायचं होतं.

वादळानंतरच्या आठवड्यात एका सकाळी बाई अंगणात पडलेल्या फणसाच्या फांद्या कोयत्यानं तोडत होत्या. मी माझ्या ओटीवर तांदूळ निवडत होते. महेश आला. मागे पाच जण. त्याच्या एका हातावर फडक्यात गुंडाळलेली पोर, आणि सीमा मागून धावत, नको नको म्हणत.

महेशनं फडकं बाजूला करून पोरीचं तोंड बाईंपुढे धरलं. "बघा," तो म्हणाला, "हा तुमचा ग्रहणाचा कार्यक्रम."

बाईंनी नीट बघितलं. मग वर्गात बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, "महेश, पोटातल्या पोराचा ओठ दुसऱ्या महिन्यात जुळतो. ग्रहण झालं तेव्हा हिला पाचवा होता. ओठ त्याच्या आधीच फाटलेला होता."

मागचा एक जण हसला. मला अजून वाटतं, तो हसला नसता तर कदाचित वेगळं झालं असतं. महेशनं पोर सीमाच्या हातात दिली आणि तोडलेल्या फांद्यांतला एक दांडका उचलला. बाईंच्या हातात कोयता होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, कोयत्याकडे बघितलं, आणि कोयता गडग्यावरून माझ्या अंगणात फेकला. तो माझ्या पायरीशी येऊन पडला.

मी उठले, आत गेले आणि दाराला कडी लावली.

खिडकीच्या फटीतून मी बघितलं. पहिला दांडका खांद्यावर, दुसरा हातावर, तिसरा डाव्या डोळ्यावर. पाच जण उभे होते. बाई पडल्यावर त्यांतल्या दोघांनी लाथा घातल्या. सीमा पोरीला जमिनीवर ठेवून मध्ये पडली तेव्हा तिलाही बसली. मग ते घरात शिरले. दुर्बीण, चष्मे, तक्ते बाहेर काढून विहिरीत टाकले. सगळं मिळून पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील. पोर तेवढा वेळ मातीत रडत होती.

दापोलीला न्यायला तीन तास लागले, कारण वाटेतली झाडं तोडत टेम्पो पुढे न्यावा लागला. डोळा गेला.

दहाव्या दिवशी सीमा पोरीला घेऊन दवाखान्यात आली. मी तिथेच होते. पोर वाळून चालली होती, तिला ओढून दूध पिता येत नव्हतं. अर्ध्या चेहऱ्याला पट्टी बांधलेल्या बाई उठून बसल्या. पोरीला मांडीवर उभी धरायची, डोकं वर ठेवायचं आणि बोंडल्यानं थेंब थेंब दूध गालाच्या बाजूला सोडायचं, हे त्यांनी सीमाला करून दाखवलं. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नव्हता, पहिली दोन-तीन बोंडली पोरीच्या मानेवर सांडली. मग जमलं. पोर प्यायली आणि झोपली. त्याच दिवशी सीमानं पोलिसांना जबाब दिला की ग्रहण बघायला मी माझ्या मनानं गेले होते आणि मारणाऱ्यांत माझा नवरा पहिला होता.

महेश काही महिने आत होता, मग जामिनावर सुटून मुंबईला गेला. खटला अजून चालू आहे. पावसाळा संपल्यावर बाई, सीमा आणि तन्वी घाटावरच्या एका रुग्णालयात गेल्या आणि ओठ शिवून आल्या. आज त्या जागी एक बारीक पांढरी रेघ आहे. पोर बडबडी आहे. गावात गिराण म्हणणारे कमी झाले, पण संपले नाहीत.

मला वाटलं होतं, बाई आता ग्रहणाचं नाव काढणार नाहीत. दवाखान्यातून आल्यावर चौथ्या महिन्यात त्यांनी गडग्यावर जगाचा नकाशा पसरला. २०२७च्या ऑगस्टमध्ये खग्रास ग्रहण होणार, त्याची सावली इजिप्तवरून जाणार आणि नाईल नदीच्या काठच्या एका गावात सहा मिनिटांहून जास्त काळोख पडणार. तिथे ऑगस्टमध्ये ढग नसतात. नदीचा निळा पट्टा त्यांनी पेनानं पुन्हा पुन्हा गिरवला होता. एका डोळ्यानं कशाला एवढ्या लांब, असं माझी आई म्हणाली. बाई म्हणाल्या, "दुर्बिणीला एकच लागतो."

पुढची पाच वर्षं त्यांनी ती सहल लढाईसारखी आखली. प्रवासी कंपनीच्या माणसाशी फोनवर भांडल्या, कारण त्यानं ग्रहणाच्या वेळेला देवळं बघायचा कार्यक्रम ठेवला होता. उकाड्याची सवय हवी म्हणून मे महिन्यात भर दुपारी कातळावर तन्वीला घेऊन बसायच्या, डोक्याला ओला पंचा बांधून. एकदा तिथे दोघं जण मोटारसायकल थांबवून काहीतरी वेडंवाकडं बोलले. त्यांतला एक बाईंनी मारलेल्या दगडानं गुडघा धरून लंगडत गेला. एक डोळा जाऊनही नेम राहिला होता, हे तन्वीनंच मला येऊन सांगितलं, मोठ्या अभिमानानं. बाई तेव्हा खाली बघत होत्या.

सहलीच्या यादीत चार नावं होती. त्या, सीमा, तन्वी, आणि चौथी मी. मला त्यांनी विचारलं नव्हतं. यादी बघितली त्या संध्याकाळी मी गडग्यापाशी उभी राहून म्हटलं, "बाई, त्या दिवशी मी कडी लावली होती."

"ऐकली मी," त्या म्हणाल्या.

त्यांनी नकाशाची घडी घातली आणि पासपोर्टला दोन फोटो काढून ठेवा म्हणाल्या.

तन्वीच्या पासपोर्टसाठी बापाची संमती लागत होती. एकट्या सीमाची सही चालवून घ्यायलाही मार्ग असतो म्हणे, पण बाईंना ती सही महेशचीच हवी होती. गेल्या गणपतीला तो गावाला आला, तेव्हा दुपारी बाई कागद घेऊन निघाल्या. या वेळी मी बरोबर गेले.

महेश ओटीवर बसला होता. बाईंना बघून उठला नाही. त्यांनी कागद पुढे केला. तो म्हणाला, तुम्ही कोर्टात जबाब फिरवा, मी सही करतो. बाई म्हणाल्या, जबाब फिरणार नाही. त्यानं कागद फाडला. बाईंनी पिशवीतून दुसरा काढला. तोही त्यानं फाडला आणि उठून बाईंचा गळा धरला. त्यांची पाठ खांबावर आपटली. मी त्याचा दंड धरला. माझ्यात जोर किती असणार, पण धरला. सीमा अजून त्याच घरात सासूबरोबर राहत होती; ती आतून आली, तिच्यामागे तन्वी.

बाईंनी हात वर केले नाहीत. गळा दाबलेल्या आवाजातच बोलल्या.

"त्या दिवशी माझ्या हातात कोयता होता, महेश. मी तुला घाबरून नाही फेकला. मी एका माणसाला हाड मोडेपर्यंत मारलंय, आणि तो पडल्यावरही थांबले नव्हते. मला ते गोड लागलं होतं. तू पोर सीमाकडे दिलीस तेव्हा मला तुझी मान दिसली. म्हणून फेकला."

महेशचा हात ढिला पडला. तो बाईंच्या बंद डोळ्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत त्यानं तो जवळून पाहिला नसावा. मग त्यानं पायानं स्टूल उडवलं, ते भिंतीवर जाऊन आदळलं, आणि खाली बसून पेन मागितलं. तिसऱ्या कागदावर सही करताना पेन एवढं दाबलं की तोही फाटला. बाईंनी चौथा कागद दिला.

"तिकडं हिला काय झालं तर मी तुमाला जिवंत सोडनार नाय," तो म्हणाला.

"चालेल," बाई म्हणाल्या आणि सही तपासून बघितली.

वाटेत त्यांच्या मानेवर पाच बोटांचे वळ उमटले होते. पोलिसांत जायचं का विचारलं तर म्हणाल्या, जाऊ, पासपोर्ट आल्यावर.

गणपती संपल्यावर रत्नागिरीला पासपोर्टच्या कचेरीत आम्ही चौघी गेलो. कॅमेऱ्यामागचा मुलगा बाईंना म्हणाला, दोन्ही डोळे उघडे ठेवा. बाई म्हणाल्या, एक बंदच असतो. त्यानं वर बघितलं, ओशाळला आणि बटण दाबलं. काम दुपारीच आटोपलं. माझी आई पावसाळ्याआधीच वारली होती, गावचं घर मी सोडलं होतं, आणि तिथूनच मला पुण्याला मुलीकडे राहायला जायचं होतं. त्या तिघी दापोलीच्या गाडीची वाट बघत थांबल्या. बाईंनी मला सामान वर चढवून दिलं. गुडघ्यांना तेल लावत जा, तिथे वाळूत चालायचंय, एवढं सांगितलं.

माझी गाडी सुटली तेव्हा दापोलीची गाडी लागत होती आणि दाराशी रेटारेटी चालली होती. एका धिप्पाड माणसानं कोपरानं सीमाला मागे ढकललं, ती पडता पडता राहिली. मी काचेतून बघितलं तोवर बाईंनी त्याची कॉलर धरलेली होती. उजव्या हातात कॉलर, डाव्या हातात तन्वीचा हात. बाई काय बोलत होत्या ते मला ऐकू आलं नाही. तो माणूस मागे मागे सरकत खांबाला टेकला होता. बाईंचा हात वर जायला लागला. तन्वीनं त्यांचा डावा हात ओढला. त्यांचं लक्ष नव्हतं. तिनं पुन्हा ओढला, या वेळी सगळं अंग मागे टाकून. बाईंनी खाली तिच्याकडे बघितलं आणि कॉलर सोडली.

गाडी वळली. पोर बाईंना ओढत दाराकडे नेत होती आणि बाई जात होत्या.